पाच ओंडके आणि दुसरा नारळ

पुएर्तो व्हिएहो,
मंगळवार, ९ जानेवारी १९९६

चि. आल्फर्ड यास रोझलिनचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र बसच्या ड्रायव्हरने काल दारात आणून दिलं. सर्दी उतरली हे वाचून जीव भांड्यात पडला. मागच्या पत्रातल्या माझ्या चुका लाल शाईने दाखवून परत पाठवल्यास, तो कागद मी चुलीत घातला. शाळेतून रिटायर झालास ना? मग पुरे कर.

माझ्या खोल्यांत भाड्याने उतरणारे, डोंगरावरच्या कार्तागोचे पाचजण शनिवारी सुट्टीला आले. यंदाचं पाचवं वर्ष. पन्नाशी उलटल्यावर यांना लाटांवर फळीवर उभं राहायची हौस आली, आणि पाच वर्षांत एकही धड उभा राहिलेला नाही. लाट दरवेळी त्यांना वाळूत आणून टाकते, म्हणून गावातली पोरं त्यांना ओंडके म्हणतात. गावासमोरच्या खडकांवर फुटणाऱ्या लाटेकडे ते फिरकतही नाहीत, कोक्लेसच्या किनाऱ्यावर वाळूतच पडझड चालते. नूरिया त्यांची सेनापती. जन्मभर सुईणपण केलं, त्यामुळे फळीवरच्या माणसालाही ती जोर लाव म्हणून ओरडते.

दोन दिवस पाऊस लागला, तर सगळे झुल्यात पडून होते. एफ्राईन न्हाव्याने व्हरांड्यात खुर्ची मांडून सगळ्यांचे केस कापले. कोळीही रांगेत येऊन बसले, आणि एफ्राईनने त्यांच्याकडून घेतलं काय तर एक मासा. तो साफही एफ्राईननेच केला. माझे केस टोकाला दुभंगलेत असं एफ्राईन म्हणाला, तेव्हा तेही कापून घेतले.

बावीस तारखेला ते जातील. मग तीन दिवस सवयीने मी सहा माणसांचं रांधते आणि कोंबड्यांना घालते. मार्चमध्ये हे घर बंद करून तुझ्याकडे राहायला यायचं, ही तुझी गोष्ट विसरलेले नाही. विचार चालू आहे.

सौ. आयव्हीसला आशीर्वाद. माझ्यावर जीव आहे तेवढा असू दे.

तुझी,
रोझलिन

*

सान होसे,
११ जानेवारी

ती. रोझलिनताईस आल्फर्डचा शि. सा. न. वि. वि.

या वेळी व्याकरण सोडून फक्त मोजणी केली. पाच पाहुण्यांपैकी नूरियाचं नाव एकदा आलं. तिघांना तर नावंच नाहीत. न्हाव्याचं नाव मात्र चार वेळा! माझ्या वर्गात अशा निबंधाला मी समासात प्रश्नचिन्ह काढत असे.

थट्टा पुरे. तुझी खोली पिवळ्या रंगाने रंगवून झाली. आयव्हीसने पडदे शिवले. ह्युबर्टभावजी जाऊन अकरा वर्षं झाली. एकसष्टाव्या वर्षी तू परक्यांच्या चादरी धुतेस आणि मी इथे आरामात पेपर वाचतो, हे मला टोचतं. मार्च म्हणजे मार्च. विचार कसला करायचा त्यात?

धाकट्याचा हट्ट समजून पोटात घाल, ही विनंती.

तुझा,
आल्फर्ड

*

पुएर्तो व्हिएहो,
रविवार, १४ जानेवारी

चि. आल्फर्ड यास अ. आ.

आज माझ्या हातून एक घोटाळा झाला. तुला शेजारच्या मार्वाकडून कळायच्या आत कळवते.

आईचा नियम तुला आठवतोय. रविवारच्या भात-राजम्याचा नारळ पाहुण्याच्या हाती द्यायचा नाही. ज्याच्या हाती किसणी, तो घरचा. ह्युबर्टला आईने नारळ दिला, तेव्हा आमचं लग्न ठरलं हे अख्ख्या गल्लीला कळलं होतं. आज सकाळी चर्चची घाई. माझे हात राजम्यात, एफ्राईन दारात उभा. त्याला म्हटलं, हे धर आणि किस. बिचारा बसला किसायला, बोटं सोलवटून घेतली. तेवढ्यात मार्वा ओव्याची पानं मागायला आली, तिने पाहिलं, आणि पानं न घेताच परत गेली. दुपारपर्यंत पाद्रीबाबा माझ्याकडे बघून हसायला लागले.

चुकून झालं असं मी सगळ्यांना सांगितलं. तुला खोटं सांगणार नाही. पहिला नारळ चुकून दिला, दुसरा जाणूनबुजून.

नूरियाने त्याला नियमाचा अर्थ सांगितला. तेव्हापासून तो गप्प आहे. जेवून उठला तो सरळ समुद्रावर गेला. मला लाज वाटते, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटते. तो आवडतो मला, आल्फर्ड. त्याच्या मनात काही नसेल तर या गावात तोंड कसं दाखवू? मग मार्च कशाला, आत्ताच येते तुझ्याकडे. पण आधी तुझं मन मला सांग. तुला न आवडलेली गोष्ट मी करणार नाही.

उत्तर लवकर पाठव, एवढीच माया कर.

रोझलिन

*

सान होसे,
१६ जानेवारी

ती. ताईस सा. न.

मन सांग म्हणालीस, म्हणून सांगतो. मला आवडलेलं नाही. डोंगरावरचा न्हावी, आपल्या चर्चचा नाही, आपल्या माणसांतला नाही. सुट्टीतला माणूस वेगळा असतो आणि कामाच्या दिवसातला वेगळा. वर्षातले दोन आठवडे सगळेच गोड असतात. आणि नियम कळल्यावर जो गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्यातच उत्तर आलं.

खोली तयार आहे.

राग मानू नकोस.

आल्फर्ड

*

सान होसे,
१८ जानेवारी

ती. रोझलिनताईस, कान धरून नमस्कार.

परवाचं पत्र बसमध्ये टाकलं आणि रात्रभर तळमळलो. आयव्हीस माझ्याशी बोलेना. तिचं म्हणणं, बहिणीने जन्मात पहिल्यांदा काही विचारलं आणि मी तिला निबंधासारखं नापास केलं. शेवटी काल केस कापायच्या निमित्ताने कार्तागोला गेलो.

दुकान बंद होतं. दारावर पाटी, समुद्रावर गेलो आहे. शेजारच्या पाववाल्याला मी वाकडं तोंड करून विचारलं, की हा गृहस्थ पुन्हा उघडणार तरी कधी? तो हसायला लागला. म्हणाला, की दरवर्षी पाटीखाली परत यायची तारीख असते, यंदा नाही. त्याने एफ्राईनला तारीख राहिली म्हणून आठवण केली, तर उत्तर मिळालं की तारीख आपल्या हातात नाही. पाळलेला पक्षी पाववाल्याला कायमचा देऊन टाकलाय, आणि चांगल्या कात्र्या बरोबर नेल्यात. तू बघितल्याच असशील.

ताई, तो सहा तारखेला निघाला. तुझा नारळ चौदाला. म्हणजे तुझ्या आधी त्याचं ठरलं होतं! तो गप्प आहे, कारण तू गावभर चुकून झालं म्हणून सांगत फिरलीस. त्याने ते खरं मानलं. आता तो कुठल्या तोंडाने विचारेल? तूच बोल, आणि सोमवारच्या आत बोल.

खोली रंगवली ती निम्मी माझ्यासाठी होती. तू एकटी आहेस या विचाराने मला स्वस्थता नव्हती. परवाचं पत्र चुलीत घाल.

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
आल्फर्ड

*

पुएर्तो व्हिएहो,
सोमवार, २२ जानेवारी

चि. आल्फर्ड आणि सौ. आयव्हीस यांना अ. उ. आ. वि. वि.

तुझं सोळाचं पत्र वाचून रडले, अठराचं वाचून पळत सुटले. शनिवार होता, बस नुकतीच गेली होती. एफ्राईन कोक्लेसला कमरेएवढ्या पाण्यात फळी धरून उभा. ह्युबर्ट गेल्यापासून मी पाण्यात पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी अॅप्रनसकट गेले. लाटांच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून ओरडून सांगितलं की दुसरा नारळ चुकून नव्हता. तो काहीतरी बोलायला गेला, एवढ्यात मोठी लाट आली आणि तिने दोघांनाही वाळूत नेऊन आपटलं. पोरं टाळ्या वाजवत होती, सहावा ओंडका म्हणून. मार्वा होतीच. नाकातोंडात पाणी गेलेलं असताना त्याने हो म्हटलं, आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

आज सकाळी बस सुटली. पाच आले होते, चार गेले. नूरिया खिडकीतून रडत मला जोर लाव म्हणून ओरडत होती. एफ्राईन आत्ता व्हरांड्यात पाद्रीबाबांचे केस कापतोय. चर्चचं काय ते दोघं आपसात मिटवतायत.

ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आधी, सतरा फेब्रुवारीला लग्न आहे. एफ्राईनला रीतसर तुझी परवानगी मागायची आहे. आठवडाभर आरशासमोर उभा राहून सराव करेल बिचारा, तेव्हा त्याच्या चुका काढू नकोस.

आणि माझं एक मागणं. चर्चच्या दारापासून आत मला कुणीतरी न्यायला हवं. आई मळ्यावर जायची, म्हणून शाळेच्या पहिल्या दिवशी तुला मी हात धरून नेलं होतं आणि तू रस्ताभर रडलास. या वेळी हात तू धर. रडायचं माझ्याकडे लागलं.

वाट बघतोय, आम्ही दोघं.

तुझी,
रोझलिन