बॅथर्स्टला एका दिवसात जाऊन यायचा प्लॅन

वेंटवर्थव्हिल
मंगळवार, लंच ब्रेक

ती. नीला आत्यास,
मयूराचा शि. सा. न. वि. वि.

(इथपर्यंत बरोबर आहे ना? शनिवारच्या मराठी शाळेत टीचरनी फळ्यावर लिहून दिलं होतं. शेवटचं 'विनंती विशेष' कशासाठी असतं ते मी तेव्हा विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे हात वर करावा लागला असता.)

तुझी तब्येत कशी आहे? गुडघा कसा आहे? तिकडे मेलबर्नला, तुझ्या डँडेनॉन्गकडे, सकाळी गाड्यांच्या काचांवरचा बर्फ खरवडून काढायला लागतो असं दुकानात एक काकू सांगत होत्या, म्हणून गुडघ्याचं विचारलं. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी आणि आई. आई आता एज्ड केअरच्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या होमच्या, किचनमध्ये आहे. तिथे दिवसभर सगळं जेवण मऊ करायचं काम असतं, आणि सवयीने ती घरी मलाही मऊच वाढते. मी अजून मसाल्याच्या दुकानात मागच्या खोलीत डाळी पॅक करते. शाळा सोडून वर्ष झालं. डाळींचं बरं असतं, त्या दर पाच मिनिटांनी 'यू ओके?' विचारत नाहीत.

फोन का नाही केला असं तुला वाटेल. माझं फोनवर काय होतं तुला माहितीये. मागच्या आठवड्यात भेटीच्या बुकिंगसाठी तुरुंगात फोन केला होता, सगळं कागदावर लिहून घेऊन. तिकडच्या बाईने विचारलं, कैद्याशी नातं काय? मी म्हटलं, गुड, थँक यू. ती म्हणाली, दॅट्स लव्हली, डार्ल, पण बहीण की गर्लफ्रेंड? म्हणून पत्र. पत्रात निदान मध्येच कोणी विचारत नाही.

तर मुद्दा असा की दादाला बॅथर्स्टच्या तुरुंगातून हलवणार आहेत. वर ग्राफ्टनकडे, गाडीने सात तास. कधी ते सांगत नाहीत, बहुतेक ह्या महिन्याच्या शेवटी. बॅथर्स्ट कसं, एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. जायला अडीच तास, यायला अडीच, मध्ये तासभर भेट. ग्राफ्टनला आईला एवढी सुट्टी मिळणार नाही. पाच महिन्यांत तिने त्याला फक्त टॅबलेटवर पाहिलंय. ती टॅबलेट इतका जवळ धरते की त्याला तिचं नुसतं कपाळ दिसतं, आणि तो बिचारा वीस मिनिटं कपाळाशी बोलतो. खऱ्या भेटीत सुरुवातीला एकदा आणि निघताना एकदा मिठी मारता येते. आईने ते वाचल्यापासून ती रोज मला विचारते, एकदा म्हणजे किती वेळ गं? मला काय माहीत. मी सांगितलं, कोणी ओरडेपर्यंत.

बावीस तारखेचा, शनिवारचा, सकाळी पावणेनऊचा स्लॉट मिळालाय. तेवढा एकच होता. ट्रेन पावणेनऊपर्यंत पोचत नाही, आणि आदल्या दिवशी जाऊन राहावं तर आईची शिफ्ट शुक्रवारी रात्री संपते. म्हणजे गाडीच. गाडी आहे. बाबांची कॅमरी, ते गेल्यापासून उभीच होती, आता नवीन बॅटरी टाकली. चालवायला मी आहे. पण मी अजून एल प्लेटवर, शिकाऊ, म्हणजे अर्धी ड्रायव्हर. उरलेली अर्धी ड्रायव्हर डावीकडच्या सीटवर लागते, फुल लायसन्सवाली. आईला तर अजून गाडीत बसल्यावर सीटबेल्ट कुठून ओढायचा ते शोधावं लागतं.

आता इथे सलिलकाका येतात. तुला ते माहीत नाहीत. कॅम्पबेलटाऊनचं घर सोडून आम्ही इथे युनिटमध्ये आलो, तर ते खालच्या मजल्यावर, ते आणि वीणाकाकू. फार चांगली माणसं आहेत, हाच प्रॉब्लेम आहे. काका पॅरामॅटाला आयटीत आहेत आणि रविवारी मला गाडीची प्रॅक्टिस देतात. (शिकवताना ते ब्रेक म्हणत नाहीत, 'नो वरीज, नो वरीज' म्हणतात, आणि तिसऱ्या 'नो वरीज'ला त्यांचा आवाज चिरकला की मी ब्रेक मारायचा.) इथे कोणालाच दादाचं माहीत नाही. आईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मुलगा रीजनलला, म्हणजे शहरापासून लांब, असतो, बॅथर्स्टला. कुठे कामाला? तर म्हणे गव्हर्नमेंटमध्ये. मी तिथेच उभी होते, कोथिंबीर निवडत.

मग आईच्या तोंडून निघून गेलं की बावीसला आम्हाला त्याला भेटायला जायचंय, पण मयूराच्या शेजारी बसायला कोणी नाही. आत्या, तिने एवढंच बोलायला नको होतं. काका म्हणाले, वहिनी, हा काय प्रश्न झाला? मी बसतो ना! आम्ही पण येतो! संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप झाला, 'चलो बॅथर्स्ट'. रात्रीपर्यंत त्यात अकरा माणसं आणि तीन गाड्या होत्या, त्यातली पाच माणसं मी आजपर्यंत पाहिलेली नाहीत. प्लॅन असा, की सहाला निघायचं, कटूम्बाला डोंगरासमोर सगळ्यांचा फोटो, तिथेच चहा आणि वीणाकाकूंच्या तिखटमिठाच्या पुऱ्या, मग बॅथर्स्टच्या रेसिंग ट्रॅकवर काका गाडीची एक फेरी मारणार (साठच्या स्पीडने, पण त्यांना आयुष्यात एकदा मारायचीच आहे), आणि दुपारी अवधूतकडे, म्हणजे आपल्या दादाकडे, बार्बेक्यू. त्याच्याकडे बॅकयार्ड असेलच ना, वहिनी? रीजनलला सगळ्यांकडे असतं. आई म्हणाली, आहे, मोठं आहे. घर त्याचं एकट्याचं की शेअरिंग? शेअरिंग. भाडं किती? आई म्हणाली, भाडं सरकार देतं. आत्या, ती खोटं असं एकही बोलली नाही. वीणाकाकूंनी त्याच दिवशी दादासाठी भाचीचे फोटो पाठवले. भाची फार्मसी करते. फोटोत तिने निळी साडी नेसलीये आणि खूप हसतेय. मला तिचं वाईट वाटलं, तिला काही माहीतच नाही आपल्याबद्दल.

हा प्लॅन मोडायचं मी ठरवलं, कारण आई ठरवेना. ग्रुपमध्ये एक ओळ टाईप करायला मला सव्वा तास लागला. लिहिलं, दादाला बावीसला शिफ्ट आहे, सॉरी. काकांचा मेसेज, नो वरीज बेटा, तेवीसला करू. मग आईने सांगितलं की तो आजारी आहे. बिचारा एकटा पोरगा, रीजनलला, आजारी! दुसऱ्या दिवशी दोन गाड्या वाढल्या. वीणाकाकूंनी आल्याचा काढा बाटलीत भरून दिला, एकांनी आपल्या ओळखीचे डॉक्टर सांगितले. खोटं बोललं की लोक रागावतील असं मला वाटायचं. लोक जास्तच प्रेमाने वागायला लागतात, ते फार वाईट असतं. शेवटी आईला काही सुचेना तेव्हा ती खरं बोलली, की त्याची ट्रान्सफर होतेय, म्हणून आता राहू दे. काका म्हणाले, म्हणजे प्रमोशन! वीणाकाकू वर पेढे घेऊन आल्या. आईने देवापुढे ठेवले. रात्री दोघींनी एकेक खाल्ला. चांगले होते.

पिकनिक मोडली, पण काकाही गेले. आता त्यांना शेजारी बसवायचं तर कुठे जायचं ते सांगायला लागेल. आईचं म्हणणं, तीच डावीकडे बसेल, चष्मा लावून, पाठ ताठ करून, पोलिसांनी पाहिलं तर लायसन्सवालीच वाटेल. मी म्हटलं, आई, पकडलं तर? ती म्हणाली, तर सांगू की पोराला भेटायला चाललोय. मी विचारलं, पोरगा कशासाठी आत आहे तेही सांगायचं का? ती भाकरीचं पीठ मळत राहिली. मग म्हणाली, मी डबा करणार आहे. तिला माहितीये आत डबा नेऊ देत नाहीत. नियमांचा कागद मी तिला तीनदा वाचून दाखवलाय. ती म्हणाली, न्यायचा नाहीये, गाडीत ठेवायचा. निदान त्याच्या दारापर्यंत तरी जाईल. म्हणून सध्या आमच्याकडे शेंगदाणे भाजणं चालू आहे, पार्किंगमध्ये ठेवायच्या लाडवांसाठी.

त्या दिवशी कोर्टात तू मागच्या रांगेत होतीस ते मी पाहिलं होतं. आईनेही पाहिलं होतं, पण तिने मान वळवली नाही. शिक्षा सांगून झाली, त्याला बाजूच्या दाराने नेत होते, आणि तो वळून म्हणाला, येतो गं आई. कोपऱ्यावरून दूध आणायला जाताना म्हणायचा ना, तसंच. आपल्यात जातो म्हणत नाहीत हे त्याच्या इतकं अंगात आहे की त्याला कळलंही नसेल तो काय बोलला. आई पण सवयीने म्हणाली, लवकर ये. त्यावर, दादाने ज्यांना उडवलं त्या सायकलवाल्या आजोबांच्या मुलीने आमच्याकडे वळून पाहिलं. त्यांना भाषा कळली नाही, तरी त्या बघतच राहिल्या. आजोबा आता वॉकर घेऊन चालतात असं वकिलांनी सांगितलं. आम्ही घरी त्यांच्याबद्दल बोलत नाही. मी डाळी पॅक करताना त्यांच्याबद्दल विचार करते.

आई तुला जे बोलली, की किल्ली अशी दारामागच्या हुकला लटकवायची असते का, घरात जवान पोरगा दारू पितोय आणि तू गाडीची किल्ली समोर ठेवून ड्युटीला जातेस, ते मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं. त्यानंतर आठवड्यात तू डँडेनॉन्गला गेलीस. आईने तेव्हापासून तुझं नाव घेतलेलं नाही. मात्र तुझी चहाची किटली तिने टाकली नाही. वापरतही नाही. मूव्हिंगच्या वेळी कपड्यांत गुंडाळून आणली, आणि तशीच गुंडाळलेली आहे.

बाकी सर्व क्षेम. लंच ब्रेक संपला, मालक मूगडाळीच्या गोणीकडे बघून खोकतायत. मेलबर्नमध्ये तुझ्याहून मोठं कोणी असेल तर त्यांना माझा नमस्कार, लहान असतील तर त्यांना काय सांगायचं असतं ते मला अजून कळत नाही.

तुझी,
मयूरा

ता. क. परत वाचलं तर लक्षात आलं की मी काही विचारलंच नाहीये. आत्या, बावीसला येशील का? डावीकडच्या सीटवर. व्हिक्टोरियाचं फुल लायसन्स इथे शेजारी बसायला चालतं, मी वेबसाइटवर दोनदा पाहिलं. शुक्रवारी संध्याकाळी विमानाने आलीस तर शनिवारी रात्री परत जाता येईल. आईशी बोलायची गरज नाही. मला ताशी नव्वदच्या वर जायची परवानगी नाही, मागचे ट्रक हॉर्न मारत राहतात, त्यामुळे शांतता अशीही नसते.

ता. क. २. व्हिजिटरच्या यादीत तुझं नाव आधीच दिलंय, जन्मतारखेसकट. सॉरी. मुदत कालपर्यंत होती. आत यायचं नसेल तर पार्किंगमध्ये बस, लाडू असतीलच. हे पत्र लिहिल्याचं आईला माहीत नाही.

ता. क. ३. हे वर लिहायला हवं होतं. किल्ली हुकला नव्हती. तुझ्या निळ्या स्वेटरच्या खिशात होती, तू नेहमी ठेवायचीस तिथेच. त्या दुपारी बॅकयार्डात त्याचे मित्र होते, बर्फ संपला होता, आणि कॅमरी चालू होत नव्हती. दादा आत आला आणि म्हणाला, मयू, आत्याची किल्ली दे, मी तिला विचारलंय. तू ट्रेनने ड्युटीला गेली होतीस. त्याने विचारलेलं नाही हे मला कळत होतं. त्याच्या तोंडाला बिअरचा वास येत होता. मी नाही म्हणायला हवं होतं, पण खिडकीतून त्याचे मित्र बघत होते आणि मला लाज वाटली. मी खिशातून काढून दिली. पोलिसांना त्याने सांगितलं की किल्ली त्याने स्वतःच हुकवरून घेतली. कोर्टातही तेच. मला एकदाही त्याने त्यावरून काही म्हटलं नाही, टॅबलेटवरसुद्धा नाही.

त्याला भेटायच्या आधी हे आईला सांगायचं मी ठरवलंय. घरी मला जमत नाही, ती पाठमोरी असते आणि मी परत खोलीत जाते. गाडीत कुठे जाता येत नाही. डोंगर उतरून लिथगो गेलं की सांगेन, तिथून पुढे रस्ता बराचसा सरळ आहे. सांगून झाल्यावर मला बहुतेक चालवता येणार नाही, आणि पावणेनऊला पोचायचंय. तिथून पुढे गाडी चालवायला तू हवीस.