ब्लोअर वर येत नाही

१२ डिसेंबर, गुरुवार

केलं एकदाचं. वायर काढली! ट्रॅक्टरच्या बॅटरीमागून जी काळी वायर बर्फ उडवणारा ब्लोअर उचलणाऱ्या मोटरीकडे जाते, तिचा नट काढला, टोक बाजूला सरकवलं आणि नट परत नुसता अडकवून ठेवला. रेनो डॉक्टरांकडे तपासणीला गेला होता, त्याचा मित्र डेलच्या गाडीतून. नट दोनदा हातातून निसटला. थंडीनेच असं म्हणू या.

दुसरा काय उपाय होता? ऑक्टोबरात त्याची छाती उघडून शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावलं, यंदा फावडं हातात धरायचं नाही. त्यावर आमचे साहेब काय म्हणाले? "फावडं कुठे धरतोय? मी बटण दाबतोय." आणि तेही खरंच. पूर्वी तो जड ब्लोअर वर घ्यायला हाताने लांब दांडा ओढावा लागायचा, खांद्यातून कळ यायची त्याच्या. दोन वर्षांपूर्वी मीच मागे लागून ही विजेवर उचलणारी मोटर बसवून घेतली. चाळीस-पन्नास वर्षांचा ट्रॅक्टर, पण आता एका बोटाने ब्लोअर वर, एका बोटाने खाली. वाद घालायला मी स्वतःलाच जागा ठेवली नाही.

पण बटण दाबून भागतं थोडंच! ओला बर्फ असला की ब्लोअरचं तोंड चोंदतं, खाली उतरून काठीने मोकळं करावं लागतं. रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारा मोठा नांगर जाता जाता आमच्या वाटेच्या तोंडाशी सिमेंटसारखा ढीग लावून जातो. माझा भाऊ विल्बर्ट गेल्या मार्चमध्ये अशाच ढिगाशी झुंजताना हृदय बंद पडून गेला. बर्फात पडलेला तो आधी दिसला रेनोलाच.

नाही. मी केलं ते बरोबरच केलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सरोवरावरून वारा, सकाळपर्यंत गुडघाभर बर्फ. रेनो टोपी घालून निघाला. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. मी वेलदोड्याच्या पावाचं पीठ मळत होते, ते उगाच जास्तच मळलं.

आत आला, टोपी काढली. "ब्लोअर वर येत नाही."

म्हटलं, मग राहू दे, डेल त्याच्या पिकअपचा नांगर घेऊन येईल. खाली टेकलेला ब्लोअर घेऊन गॅरेजच्या उंबऱ्यावरूनसुद्धा जाता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी विचारलं, अगदी साळसूदपणे, की म्हणजे आज चालवताच येणार नाही का? "बघतो," म्हणाला आणि परत गेला. संध्याकाळपर्यंत गॅरेजमध्येच होता.

१६ डिसेंबर, सोमवार

अजून बघतोच आहे. न्याहारी झाली की गॅरेज. तिथली शेगडी पेटवतो, रेडिओ लावतो. मी कॉफी घेऊन गेले तर ट्रॅक्टरच्या सीटवर नुसता बसला होता, हात मांडीवर.

जेवताना म्हणाला, "वय झालं गं. वायरींतलं काही कळेनासं झालं."

हा माणूस! मिलमध्ये तीस-पस्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता. आमच्या गावात ज्याच्या घरी दिवा लागत नाही तो आधी रेनोला फोन करतो, मग वीज कंपनीला. त्याला मी नट-बोल्टात हरवलं! तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि काय केलं, तर त्याच्या ताटात आणखी एक मांस-बटाट्याची पास्टी वाढली.

१८ डिसेंबर

आजही तेच.

२० डिसेंबर, शुक्रवार

डेल वायरी तपासायचं मीटर घेऊन आला. डेलला ती वायर सापडायला कितीसा वेळ लागला असता? पण रेनोने त्याला गॅरेजच्या दारातूनच परतवलं, माझं यंत्र माझं मी बघेन म्हणून. चाळीस वर्षांचा मित्र! डेल स्वयंपाकघरात येऊन माझ्याशी हळू आवाजात बोलत होता. "हात लावू देत नाही तो, एलेन. असा नव्हता गं आधी."

मी त्याला कॉफी दिली आणि शस्त्रक्रियेनंतर माणसं हळवी होतात वगैरे सांगितलं. डेल गेल्यावर सुटकेचा श्वास टाकला. मग त्या श्वासाचीच लाज वाटली. आपलं यंत्र आपण तपासणं एवढाच त्याचा शेवटचा मान उरलाय आणि तोही मी पोकळ करून ठेवलाय.

२२ डिसेंबर, रविवार

चर्चमध्ये पाळकबाईंनी त्याला विचारलं, चर्च गरम ठेवणारी तळघरातली भट्टी मधेच बंद पडते, येऊन जाशील का? रेनो म्हणाला, ते सगळं सोडलं मी आता. आजवर त्याने कुणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

घरी येईपर्यंत मी गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत बसले, जणू ते बर्फाचे ढीग जन्मात पाहिले नव्हते. त्याचं काळीज सांभाळायला गेले आणि त्याचा कणा मोडला. असं लिहिलं की नाटकी वाटतं. पण हेच झालंय.

२४ डिसेंबर, मंगळवार

नाताळची सौना, लाकडी खोलीतलं आमचं वाफेचं स्नान. रेनो खालच्या बाकावर, वरची आच अजून सोसत नाही त्याला. छातीवरचा व्रण वाफेने लाल झाला होता. एकदम म्हणाला, "इम्पीमावशीच्या वाटेवरचा बर्फ कोण काढतंय?"

समोरची इम्पीमावशी. नव्वदी उलटली, एकटी राहते. तिच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट वर्षानुवर्षं रेनोच काढत आलाय. त्या बदल्यात दर हिवाळ्याला त्याला लोकरी मोज्यांचा एक जोड, कायम एक मोजा दुसऱ्याहून लांब. डेल काढतो जमेल तेव्हा, मी म्हटलं. रेनो तापल्या दगडांवर पाणी ओतत राहिला.

वायर परत जोडायची. ठरवलं. पण शनिवारी मोठं वादळ येणार म्हणतात. वादळात तो बाहेर पडला तर? तेवढं जाऊ दे, मग जोडते. माझं कायम असं. एक "मग" हाताशी असतोच.

२८ डिसेंबर, शनिवार

इम्पीमावशी पडली.

डेलची पिकअप गावाबाहेर अडकली होती. दुपारपर्यंत कुणी आलं नाही, तेव्हा ती स्वतःच ते बर्फ ढकलायचं मोठं सुपडं घेऊन बाहेर आली. रेनोने खिडकीतून पाहिलं. कोट न घालता धावला! मी त्याच्यामागे, त्याला उचलू देऊ नको, उचलू देऊ नको, एवढंच डोक्यात. शेवटी दोघांनी तिला त्याच सुपड्यात बसवून ओढत घरात आणलं. मनगट विचित्र वाकलेलं. रुग्णवाहिका रस्त्याच्या नांगरामागून आली.

ती रेनोला म्हणाली, "तुझं ते धूड बिघडलंय म्हणे. मला वाटलं तुलाच बरं नाही, म्हणून मुद्दाम विचारलं नाही रे."

रेनोचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, छातीत दुखतंय. त्याने मानेनेच नाही म्हटलं.

२९ डिसेंबर, रविवार

जेवत नाही. काल रात्रीचं ताटही तसंच. दुपारी टेबलाशी बसून म्हणाला, माझ्यामुळे झालं.

मी म्हटलं, नाही. एवढं एकच खरं बोलले या महिन्यात. पुढचा शब्द "माझ्यामुळे" होता आणि तो गिळला. तो स्वतःला खातोय आणि मी समोर बसून बघतेय! बायको म्हणायची मला?

४ जानेवारी, शनिवार

इम्पीमावशीचं मनगट प्लास्टरमध्ये, खुबा शाबूत. देवाची कृपा, माझी नव्हे. सोमवारी घरी येते आणि तिची वाट कंबरभर बर्फाने बुजलेली आहे.

उद्या जेवणानंतर रेनो आडवा झाला की वायर जोडणार. मग उठवून सगळं सांगणार. चिडेल. चिडू दे. मग ट्रॅक्टर काढून तिच्या दारी जाईल आणि मी खिडकीत उभी राहून त्याचा प्रत्येक श्वास मोजीन. जाऊ दे. त्याला त्याचं काम परत द्यायला हवं.

५ जानेवारी, रविवार

पाना घेऊन गॅरेजमध्ये गेले. वायर जोडलेलीच होती. नट घट्ट, वरून निळी टेप, तिचं टोक दुमडलेलं. ही त्याचीच पद्धत. टेपेवर चांगली धूळ बसलेली. मी बटण दाबलं. ब्लोअर वर आला, काही कुरकुर न करता.

वळले तर रेनो दारात उभा.

"ब्लोअर वर आला नाही, त्याच दिवशी जोडली मी," म्हणाला. "आणि तू काढली होतीस हे कळल्यावर मला इतकं हायसं वाटलं, एलेन. मला बाहेर जायची भीती वाटते."