अठरा प्रश्नांची दिल्ली

मुलुंड (पूर्व),
५ जानेवारी १९८७

ती. स्व. दशरथदादांना सहदेवचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि गॅलरीतली तुळस, तिन्ही ठीक असावीत असे धरून चालतो. आम्ही तिघे, म्हणजे मी, तुमची धाकटी बहीण आणि आमची उत्तरा, दिल्ली पाहून गुरुवारी सुखरूप परतलो. (सुखरूप म्हणजे माझा उजवा खांदा सोडून. ते पुढे येईलच.) खरे तर कांदिवलीला येऊन सगळे समोरासमोर सांगायला हवे होते. पण समोर बसले की तुम्ही पहिल्याच वाक्याला मध्ये बोलता, आणि जयंतीचे म्हणणे पडले की या खेपेला दादाने शेवटपर्यंत ऐकलेच पाहिजे. म्हणून हे पत्र.

तुम्ही सोपवलेले काम मी विसरलो नव्हतो. तुमच्या अनुपमासाठी मुलगा बघायचा, पण आपण बघतोय हे मुलाला कळू द्यायचे नाही. तुमच्या शेजारच्या सुगंधाबाईंनी भाच्यासाठी दिलेली आमसुले आणि फणसाची साठे पोचवायला आलो, एवढेच दाखवायचे. तुमचे अठरा प्रश्न मी आमच्या कारखान्याच्या तपासणीच्या फॉर्मवर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले होते. मरोळला बावीस वर्षे व्हॉल्व्ह तपासतोय, खोटा माल माझ्या हातून बाहेर गेलेला नाही. आणि दादा, पाच नकारांनंतर ती पोरगी आता पाहुणे येणार म्हटले की कोणी न सांगता पोहे भिजवायला उठते, हे मी तुमच्या स्वयंपाकघरात उभा राहून पाहिले आहे. सहावा नकार तिच्या वाट्याला येऊ नये, एवढ्याचसाठी मी ही हेरगिरी पत्करली.

पण आधी दिल्ली! काय शहर आहे! लाल किल्ल्याच्या भिंतीपाशी मी खिशातले पोस्टकार्ड काढून दोन दगडांच्या सांध्यात घालून पाहिले. कडासुद्धा शिरेना. (आमच्या नव्या शेडच्या भिंतीत उंदीर सहकुटुंब ये-जा करतात.) पहारेकरी हटकायला आला, तेव्हा श्यामसुंदरने (हाच मुलगा, सुगंधाबाईंचा भाचा, सरकारी कचेरीत आहे, तीन दिवस रजा टाकून आमच्याबरोबर हिंडला) त्याच्या कानात काहीतरी सांगितले, आणि तो चक्क मला सलाम ठोकून गेला. काय सांगितले ते मी तीनदा विचारले, नुसता हसला. मी फॉर्मवर लिहिले, ‘प्रश्न ११, चतुर आहे का? : आहे.’

प्रश्न चौथा, तापट आहे का. आता हे विचारून कसे कळणार? माणसाला ताप दिल्याशिवाय ताप कळत नाही. म्हणून दिवाण-ए-आममध्ये मी हळूच एका खांबाआड झालो. म्हातारा पाहुणा हरवला की हा चिडतो का, बायका-पोरांवर खेकसतो का, ते आडून बघायचे. पण ते खांब इतके देखणे, एका रांगेत असे नेमके उभे, की मी ओळंबा लावल्यासारखा एक डोळा मिटून रांग तपासत बसलो. डोळा उघडला तर तिघेही गायब. दीड तास मी बादशहाच्या दरबारात बेवारशी हिंडलो. दोन शाळांच्या सहलींनी मला आपला मास्तर समजून पाणी कुठे आहे विचारले. शेवटी दरवाजाशी पोचलो, तर तिघे उन्हात बसून भुईमुगाच्या शेंगा खाताहेत. श्यामसुंदर उठून म्हणाला, “या काका. बाहेर पडायची वाट एकच आहे ना, म्हटलं तुमचं तपासून झालं की याल.” आवाज चढलेला नाही, कपाळाला आठी नाही. जयंती मात्र काय काय बोलली, ते तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता.

सातव्या प्रश्नाने मला रडकुंडीला आणले. डोक्यावर केस पुरेसे आहेत का. त्याच्या डोक्यावर अखंड कानटोपी! थंडीच तशी, माझ्याही होती. टोपी उतरावी म्हणून मी युक्तीने ‘एखादे देवस्थान दाखव’ म्हणालो, तर तो गुरुद्वारात घेऊन गेला, आणि तिथे डोके झाकणे सक्तीचे. (कढईतला गरम शिरा हातावर घेतला आणि मी सातवा प्रश्न काही वेळ विसरलो, हे कबूल करतो.)

दुसऱ्या दिवशी कुतुबमिनाराजवळचा लोखंडी खांब. दादा, मी धातूतला माणूस, माझे डोळे भरून आले. दीड हजार वर्षांहून जास्त पाऊस झेलतोय आणि गंज नाही! आमचा व्हॉल्व्ह मरोळहून गोवंडीला पोचेपर्यंत तांबूस होतो. त्याला पाठ लावून मागून कवेत घेतला आणि हात जुळले तर इच्छा पुरी होते म्हणतात. मी अनुपमाचे नाव मनात घेऊन प्रयत्न केला. बोटे टेकेनात, मी हटेना, आणि खांद्यात कळ आली. श्यामसुंदरने पुढे होऊन माझी दोन्ही मनगटे धरून हात जुळवून दिले, मग टॅक्सीत बसून खांद्याला बाम चोळला. मी काय मागितले ते त्याने विचारले नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी त्याने करोलबागेत आपल्या खोलीवर जेवायला नेले. पिठले-भात त्यानेच केला होता. पाने वाढून झाली, आणि त्याने कानटोपी काढून खुंटीला अडकवली. पुढचे मैदान मोकळे आहे. “काका, हाही प्रश्न असेल ना यादीत?” म्हणाला. मी खांबाआड दडलो होतो तेव्हा उत्तराने मूठभर शेंगांवर सगळे सांगून टाकले होते!

मग तो शांतपणे म्हणाला, “मला दोनच गोष्टी विचारायच्यात. तिला बँकेतली नोकरी टिकवून दिल्लीला बदली मागावीशी वाटेल, की मी मुंबईला मागू? आणि तिला आवडतं काय?” मी सख्ख्या आत्याचा नवरा, पण मला काही आठवेना. शेवटी म्हणालो, लहानपणी बर्फाचा गोळा आवडायचा. त्यावर तो हसला नाही, म्हणून मला जास्तच लाज वाटली. आपण अठरा प्रश्न काढले, दादा, त्यांत अनुपमाबद्दल एकही नव्हता. त्या पाच घरांनी तिला काही विचारले नाही म्हणून आपण बोटे मोडली, आणि आपण तरी कुठे विचारले?

माल उत्तम आहे. टकलासकट पास. सही, सहदेव.

घरातल्या सगळ्यांना आमचा यथायोग्य नमस्कार. राग आला तर गुडघा शेकत शेकत पत्र पुन्हा वाचावे.

तुमचा,
सहदेव

ता. क. : तो चोवीस तारखेला सुगंधाबाईंकडे उतरतोय. पोह्यांचा कार्यक्रम ठेवू नये. रविवारी, पंचवीसला, अनुपमाला आमच्याकडे मुलुंडला पाठवावे. एकटीला. तो इथे येईल, दोघांना बोलू द्यावे. तुम्ही येऊ नये. (शब्द जयंतीचे, अक्षर माझे.)

आणखी एक ता. क. : दादा, मी जयंती. यांनी ‘पास’ लिहिलं म्हणून पत्रिका छापायला टाकू नकोस. अनुपमा शनिवारी बँकेतून परस्पर माझ्याकडे आली होती, तुला मैत्रिणीकडे जाते म्हणाली असेल. तिला सगळं सांगितलं. ती त्याला स्वतः विचारणार आहे, आणि नाही म्हणाली तर तू एक शब्द बोलायचा नाहीस, माझी शपथ आहे. हो म्हणालेली नाही अजून. फक्त निघताना चप्पल घालता घालता विचारत होती, आत्या, दिल्लीत थंडी कुठल्या महिन्यापर्यंत असते गं?