दारापलीकडचा चहा

मंगळ, ४ नोव्हें.
ऐरोलीला त्या समुपदेशक मॅडमकडे जाऊन आले. झुबेदानं ओढूनच नेलं. आम्ही दोघी पावण्याच्या कंपनीत एकाच टेबलावर औषधाच्या बाटल्या तपासतो, तिला माझं सगळं दिसतं. "सुनंदाताई, ती आग कधीच विझली. तू अजून जिन्यात थरथरतेस. चल गप."
मॅडम तरुण, आमच्या प्राजूएवढ्या. म्हणे बोट हलवणार, मी डोळ्यांनी मागं जायचं, मान हलवायची नाही, आणि मनात ते आगीचं चित्र धरायचं. आज नुसता सराव. मला हसू आलं. जन्म गेला उजेडापुढं बाटली धरून कण शोधण्यात. डोळेच तर चालतात माझे!
पण जमलं पाहिजे. ३० ला प्राजूची उलव्याला वास्तुशांत. बंद फ्लॅट, होम, धूर. मीच तिची आई, मी बाहेर उभी राहू? तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

मंगळ, ११
आज खरं सुरू. चित्र तेच. शेजारच्या गाळ्यातला धूर, आमच्या कंपनीचा जिना, खालचं लोखंडी दार, उघडत नाही. बोट इकडून तिकडं. थांबा. श्वास घ्या. काय आलं? परत.
मी म्हटलं, मॅडम, तुमचं नेलपॉलिश कडेला उडालंय. त्या म्हणाल्या, "तपासू नका हो, नुसतं बघा." नुसतं बघायचं! असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
भीती दहापैकी किती? नऊ. परत विचारलं. नऊच.

गुरु, १३
डोक्यात किडा. डोळे इकडं-तिकडं केले की भीती जाते, मग टेबल टेनिस बघणारे सगळे निर्धास्त असतील की. सोसायटीत पोरं खेळत होती, बसले बाकावर. चेंडूमागं डोळे, मनात ते दार. अगं बाई! हातपाय गार, तोंडाला कोरड. घरी आले तशीच. हे म्हणतात, "काय गं, हरलं कोण?" मीच, आणखी कोण. भाजी करपली ती वेगळीच.

मंगळ, १८
टे. टे. चं सांगितलं. मॅ. ओरडल्या. घरी एकटीनं करायचं नाही, आठवण उघडली की मिटवायला कुणी लागतं. बरं. पण मग यानं होतं तरी काय? म्हणाल्या, जाणकारांचंही एकमत नाही. एक अंदाज असा, की मन एकाच वेळी आठवणीत आणि बोटात गुंतलं की आठवणीची धार जाते, मग ती बाकीच्या आठवणींत जाऊन बसते. पटलं निम्मं.
भीती तरी नऊच. "काय येतंय मनात?" काही नाही. "काहीच?" म्हटलं, येतंय, पण कामाचं नाही, बाजूला टाकलं. मॅ. नी बोट खाली घेतलं. "काय काय टाकलंत?"
एक चहाचा ग्लास सारखा येतोय. काचेचा, टपरीवरचा. तुम्ही आगीचं विचारता, मी चहाचं काय सांगणार?
मॅ. म्हणाल्या, "सुनंदाताई, इथं रिजेक्ट काही करायचं नाही. चहा आला तर चहा."
तपासनीस मेली, सवय कशी जाणार.

मंगळ, २५
आज चहा टाकला नाही.
धूर, जिना, दार. मग बाहेरून कुणीतरी कडीवर दणके घातले. दार उघडलं. ऊन. गल्ली. टपरीवाल्यानं ग्लास हातात कोंबला, झुबेदानं तो माझ्या ओठाला लावला. आणि मी त्याला म्हटलं, "साखर किती घातलीस रे!"
म्हणजे दार उघडलं होतं! मला काय ठाऊक नव्हतं? बाहेर आले म्हणून तर त्या खुर्चीत बसलेय. पण माझ्या आत कुणीतरी बसलेली, तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. फार रडले. नाक पुसून पुसून मॅ. चा टिश्यूंचा अख्खा डबा संपवला.
भीती चार. वास्तुशांतीला जमेल का, विचारलं. म्हणाल्या, सांगता येत नाही, बाहेर यावंसं वाटलं तर खुशाल या.

रवि, ३०
उलवे. फ्लॅट छान, रंगाचा वास अजून आहे. आम्ही आहेरात दिलेला पाटा प्राजूनं उघड्या दाराला अडसर म्हणून लावून ठेवलेला. "वाऱ्यानं आपटतं गं." वारा कुठला, पान हलत नव्हतं.
गुरुजींनी तूप ओतलं, धूर उठला. लोखंडी दार आलं. मग ऊन आलं, ग्लास आला. एकदा उठून दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. शेवटपर्यंत बसले!
पाहुणे गेल्यावर प्राजू चहा घेऊन आली. म्हटलं, पाटा कशाला लावलास खरं सांग. "आई, आगीपासनं तू बाथरूमचंसुद्धा दार लावत नाहीस. तुझीच मुलगी आहे, मला दिसत नाही?" डोळे भरून आले.
मीच वाकून पाटा बाजूला सरकवला. दार आपसूक हळूहळू मिटू लागलं. टेकणार, तेवढ्यात फटीत पाय गेला. माझा. बघते तर शेजारी प्राजूचाही. दोघी हसलो.
मग तिनं तिचा काढून घेतला. माझा तिथंच होता. चहा संपेपर्यंत तशीच उभी होते.