एकोणीस संध्याकाळींच्या खुणा

वाटूर, ४ ऑगस्ट २०२५

चि. अर्पिता हिस मामाचा आशीर्वाद. वि. वि. तुझ्या संशोधनाच्या कागदात माझ्या नावापुढं नुसतं ‘मिस्त्री’ लिहू नकोस. या हातांनी केलेलं असं: फवारणी पंपाची पितळी तोंडं, बहात्तर. शिलाई मशीनच्या चाकावर फिरणारा लेथ, एक. तुझ्या आईनं तुला झोपवलं तो पाळणा. आणि चौदा खणांची सागवानी डबी. तिला घड्याळाची घंटी जोडलीय, सकाळ-संध्याकाळ बराबर आठला वाजणारी. शिकवलं कोणी न्हाई. शाळा सातवीपर्यंत, तीही नापास.

डबी २००७ ची. जालन्याच्या दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, तेव्हा केली. तिथंच बाकावर शहागडचा बदरोद्दीन भेटला, ट्रक चालवायचा. डबी पाहून म्हणाला, भागवतराव, हिला चाकं लावा, तीच आपल्याला दवाखान्यात आणून सोडंल. त्यालाही एक करून दिली. महिन्याला दोघं संगंच गोळ्या आणायला जायचो आणि येताना स्टेशनासमोर भजी खायचो. मिरच्या तो माझ्या पुडीत टाकायचा, वर म्हणायचा, मिस्त्री लोकांचं रक्त थंड असतं. तसली भजी आता मिळत न्हाईत.

तू मागितलेली वही पोस्टानं पाठवली आहे. घेतलेल्या प्रत्येक गोळीची त्यात खूण आहे. पानं दुमडू नयेत. डबी प्रदर्शनात पाहून वाळूजच्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला, तशा डब्या करून विकायचा हक्क पैसे देऊन घेतो म्हणतो, त्याचं पुढं कळवीन.

तुझ्या पत्राकडं डोळे लावलेला,
भागवतमामा

---

पुणे, २१ ऑगस्ट २०२५

ती. मामांना साष्टांग नमस्कार. वही पोचली, पान एकही दुमडलं नाही. आमच्या मार्गदर्शक मॅडम दोन दिवस तीच घेऊन बसल्या होत्या. तुमचं अक्षर पाहून त्यांनी माझ्या अक्षराला नावं ठेवली, हे आईला सांगू नका.

एका गोष्टीवर मात्र सगळे अडलेत. २०१० मध्ये तुमची पहिली औषधं चालेनाशी झाली. तेव्हाच्या तपासणीत विषाणू त्या औषधांना सरावलेला निघाला होता. बहुतेक वेळा गोळ्या चुकल्यानं असं होतं, आणि तुमच्या वहीत तर एकही खूण चुकलेली नाही. मॅडम तुमच्याबद्दल वेगळं लिहिणार आहेत, अर्थात नाव न देता: एकही गोळी न चुकवता ज्याचं औषध हरलं असा माणूस. पुढचे डॉक्टर त्यावर विसंबतील, म्हणून विचारावं लागतंय. वही पक्की आहे ना? हे विचारलं म्हणून रागावू नका.

तुमच्या मायेवर भरवसा ठेवून,
अर्पिता

---

वाटूर, ३ सप्टेंबर २०२५

चि. अर्पिता, आशीर्वाद. तुझं पत्र चार दिवस खिशात होतं. मंग शहागडला बदरोद्दीनच्या बायकोकडं, चाँदबीकडं जाऊन आलो, कारण गोष्ट माझ्या एकट्याची न्हाई.

२००९ ची दिवाळी झाल्ती. बदरोद्दीनच्या गोळ्यांची पिशवी ढाब्यावर चोरीला गेली. आधी एकदा हरवली तेव्हा त्यानं दवाखान्यात बोलणी खाल्ली होती, परत तोंड दाखवायची त्याला लाज वाटली. नव्या गोळ्या मिळायला एकोणीस दिवस होते. मी म्हणालो, सकाळची मी खातो, संध्याकाळची तू खा. दोघांच्याही पोटात काहीतरी जाईल. वाटूर फाट्यावर एकोणीस गोळ्या मोजून पुडीत दिल्या.

रोज संध्याकाळी घंटी वाजली की मी रिकामा खण उघडायचो आणि वहीत खूण करायचो. दोघांच्या घंट्या मी एकाच वेळी लावल्या होत्या. तो असंल तिथं त्याच मिनिटाला गोळी गिळत होता. मला ती खूण कधी खोटी वाटलीच न्हाई. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही छाती पुढं काढून म्हणालो, एकही चुकली न्हाई.

पुढच्या वर्षी दोघांचंही औषध हरलं. मला नवीन औषध लागू पडलं. त्याचं सुरू होण्याआधीच तो गेला. त्याच्या डबीत चाँदबी आता सुया-दोरे ठेवते. लिहू का, असं तिला विचारलं. डबीवरून हात फिरवत म्हणाली, “लिख दो भाईजान. मगर उनकी गोली उनके नाम पे लिखो.”

तर लिही. आणि मला खरं सांग, अर्ध्या औषधानं त्याला मीच मारलं का?

उत्तर आल्याशिवाय चैन न पडणारा,
मामा

---

पुणे, १५ सप्टेंबर २०२५

ती. मामांना साष्टांग नमस्कार. मॅडमना विचारलं. त्यांनी सांगितलं तसंच लिहिते, गोड करून नाही. औषध पूर्ण असलं की विषाणू दबतो. अर्धं असलं तर तो मरत नाही आणि त्या औषधाशी झुंजायला मात्र शिकतो. तुम्हा दोघांच्या विषाणूंनी ते त्या एकोणीस दिवसांत शिकून घेतलं असेल. नसेलही. आज कुणालाच सांगता येणार नाही. पण बदरोद्दीनचाचांना दवाखान्यात जायची लाज वाटली, तिचाही वाटा मोठा आहे, असं त्या म्हणाल्या.

‘एकही न चुकवता’ हे वाक्य खोडलं. आता आम्ही प्रत्येक रुग्णाला एक प्रश्न जास्तीचा विचारतो: तुमची गोळी कधी कुणाला दिलीत का? पहिल्याच दिवशी तिघं हो म्हणाले. त्यातली एक आई होती. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं, मामा.

वही परत पाठवतेय. आणखी पत्रं यावीत म्हणून हट्ट धरणारी,
अर्पिता

---

वाटूर, २९ सप्टेंबर २०२५

चि. अर्पिता, आशीर्वाद. वही मिळाली. एकोणीस खुणांपुढं लाल शाईनं ‘बदरोद्दीन’ असं पुरं नाव लिहिलं. काल चाँदबीला वाचून दाखवायला गेल्तो. तिनं भजी तळली होती. मिरच्या माझ्याकडं सरकवल्या.

घंटी एक मिनिट मागं पडून राह्यली, ती आज दुरुस्त करतो.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
भागवतमामा

ता. क. कंपनीचा माणूस परवा येऊन गेला. डबीवर माझं नाव आणि ‘अठरा वर्षांत एकही गोळी चुकली नाही’ असं छापणार म्हणाला. मी सांगितलं, एकोणीस चुकल्या, तेवढं छापा. तसं छापून डबी खपत नसते म्हणाला, आणि रक्कम वाढवली. मी न्हाई म्हणालो. दोन लाख चाळीस हजार रुपयांना.