अठ्ठावीसच्या भिंगात मावणारी पडवी

आई, आज पडवीचा फोटो काढला. माणसं नव्हती, नुसती पडवी, पहिल्या खांबापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत अख्खी. फिल्मच्या दिवसांतलं माझं अठ्ठावीस मिलिमीटरचं, रुंद दृश्य घेणारं भिंग तुला आठवत असेल, दमट हवेची बुरशी नको म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवायचो आणि तू ओरडायचीस. तेच लावलं होतं.

दोन हजार चारच्या गणपतीत मी पहिला डिजिटल कॅमेरा घेऊन मालगुंडला आलो, त्या दुपारकडे मन सारखं जातं. गौरीची जेवणं आटोपली आहेत, सगळे पडवीत ओळीने उभे आहेत. मी समोर खळ्यात, पाठ कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्याला टेकलेली, मागे सरकायला वीतभर जागा नाही. तू नेहमीसारखी सगळ्यात शेवटी बाहेर येतेस आणि दारालगत उभी राहतेस. "मी दिसत्ये ना रे?" तू दिसत नव्हतीस. फिल्मवर, त्याच जागेवरून, त्याच भिंगातून दिसायचीस.

"मध्ये ये," म्हणालो.

"मध्ये कशी येऊ? चुलीवर दूध आहे."

मग मी, कोणी न शिकवता शिकलेला मनुष्य, सगळ्यांना तिष्ठत ठेवून समजावू लागलो. भिंग पूर्वीइतकंच चित्र पाडतं, पण फिल्मच्या जागी आत बसवलेला, चित्र टिपणारा सेन्सर फिल्मपेक्षा लहान, म्हणून कडा बाहेर राहतात.

"म्हणजे घावन तेवढंच, ताटली लहान. मग मोठी ताटली आण की मेल्या!"

सगळे हसले. मी आणखी पेटलो. मोठा सेन्सर करताना एक डाग पडला तरी अख्खा फुकट जातो, तेवढ्याच जागेत केलेल्या अनेक लहानांतला एखादाच जातो. म्हणून मोठ्याची किंमत आपल्या आवाक्याबाहेर.

"आणि तोवर मी दारात उभी राहू?" म्हणत तू आत गेलीस. दूध उतू गेल्याचा वास पडवीभर आला.

नंतर रत्नागिरीतल्या एका दुकानदाराने लहान सेन्सरपुरतं बनवलेलं, आणखी रुंद दृश्य घेणारं एक भिंग दाखवलं होतं. चित्र लहान पाडायचं, त्यामुळे काच कमी, घासायची मेहनत कमी, म्हणून स्वस्त. "घ्या, सगळी पडवी मावेल," तो म्हणाला. तुकड्यासाठी घासलेली काच मी घेत नाही, असं त्याला सुनावून बाहेर पडलो. मोठा सेन्सर परवडेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. तो हाती आला, तोही कुणीतरी वापरलेला, तेव्हा तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मघाशी आजचा फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. मी आधी कोपरे तपासतो. मधला खांब लख्ख आहे, चिऱ्याची छिद्रं मोजावीत इतका. दाराकडे मात्र भिंग ढिलं पडतं, थोडा काळोखही धरतं. फिल्मच्या पोस्टकार्डएवढ्या छपाईत हे कधी कळलं नव्हतं. दुसऱ्या कुणी असा फोटो दाखवला असता तर मी दोन मिनिटांत त्याची अब्रू काढली असती.

हे पत्र टाकायला टपालपेटी कुठली शोधू? राहू दे माझ्यापाशीच. एवढंच सांगतो, त्या धूसर कोपऱ्यात तू असतीस, तर मी कोपरा तपासलाच नसता.