शेरूची म्होरकी

सिंदी मेघे, १४ डिसेंबर २००४

परवा शेरूने ह्यांना डुकरामागे फरफटत नेलं, तेही आमच्याच दुकानासमोर, गिऱ्हाइकांच्या देखत. ढोपर फुटलं, पण जास्त लागलं ते अब्रूला. घरी येताच निकाल दिला, "रविवारी याले जाम गावाले भावाच्या वावरात सोडून येतो."

मुलगा पुण्याला गेला आणि हा धिप्पाड कुत्रा आमच्या गळ्यात पडला, हे खरं. पण आता त्याच्याशिवाय घर? छे.

मुलाने पाठवलेला नाकावरून जाणारा पट्टा मी गेला आठवडाभर दुपारी चोरून, बिस्किटं दाखवत त्याच्या सवयीचा केलाच होता. आज उघड घातला. हे म्हणाले, "ही तं बैलाची म्होरकी हाय!" शेजारच्या काकू फाटकातूनच ओरडल्या, "काऊन वो, चावाले लागला काय?" चावतो कसला! रोज त्यांच्याच हातची पोळी खातो.

संध्याकाळी कुरकुरत हेच त्याला घेऊन निघाले. मी मागे. नेमकं डुक्कर आडवं आलं. शेरू ओढायला गेला आणि त्याचं तोंडच गर्रकन मागे वळलं. समोर हे! दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. डुक्कर आरामात निघून गेलं. हे इतके हसले की रस्त्याकडेला बसावं लागलं. म्होरकी म्हणे!

जेवताना भीतभीत विचारलं, "जामले फोन केला काय तुम्ही?"

"काऊन? कोणाले पाठवाचं हाय?"

आणि भाकरीचा तुकडा हळूच टेबलाखाली गेला. मी वरणात मीठ बघत बसले.